उशीर करून देण्याचं काम

माझी आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिली की आमची सुनंदा घड्याळाच्या कंपनीत आहे. मी संध्याकाळी घरी येऊन "आज क्लॉक जुळला" नाहीतर "आजही क्लॉक जुळला नाही" असं बोलायचे, त्यावरून तिने काढलेला तो अर्थ. मिस्टर बँकेत होते, त्यांचा अर्थ वेगळा. घरी पाहुणे आले की ते सांगायचे, "आमच्या हिला पगार मिळतो तो उशीर करून देण्याचा." पाहुणे हसायचे, मीही चहा ओतता ओतता हसायचे. मनातून मात्र वाटायचं की माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या कुठल्या साहेबालाही कधी जमलं नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला दोन अटी घातल्या आहेत. कामातलंच लिहायचं, आणि कोणालाही कळेल असं लिहायचं. पहिली अट सोपी, कारण कामाखेरीज मी फारसं काही केलेलं नाही. दुसरी जड जाते. शिवाय हल्ली सगळ्याचाच शीण येतो. सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावरच्या रेघा बघून डोळे गेले, उंच स्टुलावर बसून कंबर गेली, आणि ज्या सर्किट बोर्डांपायी हे सगळं गेलं ते बहुतेक एव्हाना कुर्ल्याच्या भंगारात पोचले असतील. त्यामुळे नोकरी कशी लागली, बढती कधी मिळाली हे सांगत बसत नाही. एकच प्रकरण सांगते. ते परवा पुन्हा समोर उभं राहिलं, कसं ते शेवटी येईलच.

आधी हा क्लॉक काय ते सांगायला हवं. लिफ्ट असो, दवाखान्यातलं यंत्र असो, आत चिपांची रांग असते आणि माहिती या चिपकडून त्या चिपकडे हातोहात जाते. कधी द्यायचं आणि कधी घ्यायचं हे सगळ्यांना एकाच वेळी कळावं म्हणून एक ठोका सतत चालू ठेवलेला असतो. तो क्लॉक.

आमचे वडील गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे रोज काम मिळेलच असं नाही. त्यामुळे आई तरुणपणी नायगावच्या चाळीतून निघून नाक्यावर उभी राहायची आणि बांधकामावर जायची. तिला मी एका रविवारी हे समजावून सांगितलं. म्हटलं, स्लॅब टाकताना तुम्ही बायका रांगेत उभ्या राहून घमेली पुढे द्यायचात. एका टोकाला मुकादम 'हां' म्हणायचा आणि त्या 'हां'वर प्रत्येकीने हातातलं द्यायचं नि मागून येणारं घ्यायचं. तो 'हां' म्हणजे क्लॉक. आता रांग लांब झाली की शेवटच्या बाईला 'हां' जरा उशिरा ऐकू येणार. आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग अलीकडचीनं घाई केली तर घमेलं पायावरच पडंल की. शेवटचीचे हात मोकळे कुठं झालेत?"

तिला ते लगेच कळलं होतं. तरी शेजारणींना ती घड्याळाची कंपनीच सांगत राहिली. रोज उठून घमेल्यांची गोष्ट कोण सांगत बसेल, असं तिचं म्हणणं.

तर माझं काम या घाईचं. माहिती उशिरा पोचली तर यंत्र चुकतं, हे कोणालाही पटतं. लवकर पोचली तरी चुकतं, हे पटवून देण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उशिरावर सोपा उपाय असतो, ठोकाच थोडा सावकाश करायचा. घाईवर तो चालत नाही. ठोका कितीही संथ केला तरी घाई करणारा त्या ठोक्यासरशी घाई करतोच. तिथे त्याची वाट लांब करावी लागते. तारेला एखादा वळसा द्यायचा, किंवा चिपमध्ये रिकामे पडलेले एक-दोन गेट, म्हणजे सिग्नल जाण्याचे छोटे टप्पे, असतील तर त्यांतून सिग्नलला फिरवून आणायचं. हा उशीर इतका बारीक असतो की डोळ्याच्या पापणीची उघडझाप त्यापुढे आयुष्यभर चालल्यासारखी वाटेल. पण तेवढ्यावर सगळं असतं.

आमची कंपनी म्हणजे परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला वरच्या मजल्यावरचा गाळा. मालक तळपदेसाहेब, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. घराण्याची इभ्रत उरली होती, बाकी फारसं नाही. बोलणं हळू, कपडे इस्त्रीचे, आणि मासळीची पारख अशी की बाजारातल्या कोळणीसुद्धा त्यांना टरकून असायच्या. आम्ही गिऱ्हाइकाला लागतील तसे बोर्ड बनवायचो आणि बिघडलेले दुरुस्त करायचो. शेजारच्या गाळ्यात कपड्यांना वाफेची इस्त्री करण्याचा कारखाना होता. मधली भिंत कायम तापलेली. आमचे मेकॅनिक सावंत त्या भिंतीला लागून बसायचे. कोणी बाहेरचं आलं तरच ते सदरा चढवायचे, एरवी बनियनवर.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. रे रोडच्या एका लाकूडवाल्याने करवतीवरून गेलेले ओंडके मोजणारं यंत्र आमच्याकडून घेतलं होतं. ते मधूनच भलतेच आकडे दाखवायचं. आम्ही जाऊन बघितलं तर यंत्राला लिंबू-मिरची बांधलेली, आणि क्लॉकची तार करवतीच्या मोटरच्या केबलला चिकटून टाकलेली. मी तार वीतभर बाजूला घेतली, यंत्र सुधारलं. शेठने गुण लिंबाला दिला आणि दर आठवड्याला नवं लिंबू बांधायला लागला. आमच्या बौद्ध घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. मी दोन-तीनदा समजावून बघितलं, मग नाद सोडला. यंत्र चालतंय ना, बास.

साहेबांचा जीव मात्र एकाच वस्तूत होता. दवाखान्यासाठी आम्ही एक पॅनल बनवलं होतं. हृदयाच्या रोग्यांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेशी ठोके मोजणारी पेटी असते. सगळ्या पेट्यांच्या तारा नर्सच्या टेबलावरच्या भिंतीतल्या आमच्या पॅनलमध्ये यायच्या. खाटेगणिक एक दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, बिघडलं की लाल, आणि सोबत भोंगा. खाटेजवळच्या पेट्यांचा आवाज बारीक ठेवलेला असायचा, नाहीतर बाकीच्या रोग्यांना झोप लागायची नाही. त्यामुळे सगळी भिस्त भिंतीवरच्या भोंग्यावर. शीवपासून माहीमपर्यंत बऱ्याच दवाखान्यांत आम्ही ही पॅनलं लावली होती. साहेब त्यांना "आपलं पॅनल" म्हणायचे.

ज्या दवाखान्यात हे प्रकरण घडलं त्याचं नाव लिहीत नाही. ट्रस्टचा दवाखाना, आमच्या गाळ्यापासून चालत जाण्यासारखा. तिथे एका दुपारी खिडकीकडच्या शेवटच्या खाटेवरच्या माणसाचं हृदय अचानक भरकटलं. त्याची मुलगी खाली मोसंबीचा रस आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा वडील निळे पडले होते आणि खाटेजवळच्या पेटीचा दिवा लाल होता. डॉक्टर धावले, त्यांनी त्याला वाचवलं. पण मध्ये वेळ गेला होता. त्या माणसाचं बोलणं पहिल्यासारखं कधीच झालं नाही.

टेबलाशी गावडे सिस्टर होत्या. वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या. नवरा लवकर गेलेला, लालबागच्या खोलीत सासूला सांभाळून नोकरी केलेली. त्या म्हणत होत्या की भोंगा वाजलाच नाही, पॅनलवरचा दिवा हिरवाच होता. नातेवाईकांनी तक्रार केली. त्यांचं काही चुकीचं नव्हतं, मीही केली असती. दवाखान्याने सिस्टरांना निलंबित केलं, पॅनल भिंतीवरून उतरवलं आणि तपासणीसाठी आमच्याकडे पाठवून दिलं. भोंगा वाजला होता असं ठरलं तर निष्काळजीपणाचा ठपका बसणार, नोकरी जाणार, आणि पुन्हा कुठे नर्स म्हणून उभं राहता येणार नाही. एवढं सगळं आमच्या कागदावर अवलंबून होतं.

सावंतांनी पॅनल टेबलावर जोडलं. प्रत्येक खाटेसाठी एक बटण लावून खोटी सूचना देऊन बघितली. दर वेळी भोंगा वाजला. दिवसचे दिवस वाजत राहिला, शेवटी शेजारचा इस्त्रीवाला भांडायला आला. सावंतांनी 'दोष आढळला नाही' असा अहवाल तयार केला, फक्त साहेबांची सही बाकी होती. मलाही तेव्हा वाटलं होतं की बाईंचा डोळा लागला असेल. कामाने पिचलेल्या माणसाचा लागतो. मी तसं बोलले नाही, पण वाटलं होतं.

मग गावडे सिस्टर स्वतःच गाळ्यात आल्या. साध्या साडीत होत्या. सावंतांनी घाईघाईने सदरा घातला. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माझे कान काय गेलेले नायत. मी टेबलाशी इंजेक्शनं भरत होते. ते वाजलंच नाय."

सावंतांनी शेवटच्या खाटेचं बटण दाबलं. भोंगा कर्कश वाजला. त्या दचकल्या, मग पॅनलकडे बघतच राहिल्या. स्टुलावर बसल्या आणि मला अगदी हळू विचारलं, "मग मी वेडी झाले काय?"

त्या गेल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. मी यंत्रावर विश्वास ठेवणारी बाई. पण खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती असा प्रश्न विचारत नाहीत. मी साहेबांना सही थांबवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी केबल तपासण्याच्या निमित्ताने वॉर्डात गेले.

वॉर्डात करण्यासारखं काही नव्हतं. पॅनलच्या जागी भिंतीत भोक आणि लोंबणाऱ्या तारा. मी नर्सच्या टेबलाशी खुर्ची घेऊन बसले आणि तारा तपासू लागले. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आहे. बोटं गार पडली होती. आयाबाई हसली. म्हणाली की एसीची दुरुस्ती झाल्यापासून इथे सगळे स्वेटर घालून असतात, आणि ही जागा तर त्याच्या तोंडाशीच आहे. मी वर पाहिलं. गार हवेचा झोत थेट पॅनलच्या जागेवर पडत होता.

मला आमची तापलेली भिंत आठवली, आणि बनियनवर बसलेले सावंत. आमच्याकडून गेलेला एकही बोर्ड थंडीत तपासलेला नव्हता. कोणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. परळच्या गाळ्यात थंडी कुठून येणार? आणि चिपांचा स्वभाव माणसाच्या उलटा असतो. उकाड्यात त्या मंदावतात, गारठ्यात चपळ होतात.

गाळ्यात परतून मी पॅनल उघडलं. आत खाटेगणिक एक कार्ड, म्हणजे छोटा बोर्ड, आणि सूचना एका कार्डाकडून दुसऱ्याकडे अशी जायची. शेवटच्या कार्डापर्यंत ठोका सगळ्यांत उशिरा पोचायचा, हे रचनेतच होतं, आणि जुन्या संथ चिपांना ते चालून जायचं. पण शेवटच्या खाटेच्या वाटेवरची एक चिप नवी दिसली. मी सावंतांना विचारलं. ते म्हणाले की मागच्या देखभालीच्या वेळी जुनी जळाली होती. त्या जातीची आता मिळत नाही, म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून खूप फिरून त्याच नंबरची, पण जास्त वेगवान जातीची आणली. महाग पडली तरी आणली, दवाखान्याचं काम म्हणून. बाकीच्या काही पॅनलांतही तीच टाकली होती.

म्हणजे गारठ्यात अलीकडच्या बाईने घाई केली होती, आणि शेवटचीचे हात मोकळे झाले नव्हते.

पण हे माझ्या डोक्यात झालं. कागदावर लिहायचं तर ते घडताना दाखवायला हवं, आणि गाळ्यात गारठा आणायचा कुठून? फ्रिज आमच्याकडे नव्हता. सावंत जरा विचार करून म्हणाले की साहेबांची ती कोळीण आहे ना बाजारात, इंदूबाई, तिच्याकडे बर्फ असतो. मी पिशवी घेऊन निघाले. इंदूबाईने थर्माकोलचा डबा बर्फाने भरून दिला आणि विचारलं की कुठला मासा ठेवणार. मी म्हटलं, मासा नाही, बोर्ड. तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि वर आणखी मूठभर बर्फ टाकला.

कार्डं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून, पाणी शिरणार नाही असं बघून आम्ही डब्यात ठेवली. तारा बाहेर काढल्या, झाकण लावलं आणि वाट बघत बसलो. गाळाभर मासळीचा वास. मग सावंतांनी एकेका खाटेचं बटण दाबायला सुरुवात केली. पहिली, वाजला. दुसरी, वाजला. असं करत शेवटच्या खाटेवर आले, बटण दाबलं.

काही झालं नाही. दिवा हिरवाच राहिला.

त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग मी झाकण काढलं, कार्डं बाहेर घेऊन भिंतीशी धरली. अंगात थोडी ऊब आल्यावर भोंगा वाजायला लागला. परत डब्यात, परत मुका. सावंतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "मी चांगलीच चिप टाकली होती हो."

मी म्हटलं, हो, जरा जास्तच चांगली. त्यांना दिलासा द्यायला म्हटलं होतं, पण तो दिलासा झाला नाही.

साहेब दुपारी आले. दारातच नाक वर करून म्हणाले की हा पापलेटवरचा बर्फ आहे. मग डबा बघितला, आमची तोंडं बघितली. मी त्यांना दाखवलं. त्यांनी स्वतः बटण दाबलं, कितीतरी वेळा, जणू एखाद्या वेळी वाजेल. वाजलं नाही. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून समोर नवा उभा राहत असलेला टॉवर दिसायचा. मग त्यांनी विचारलं की ही चिप आणखी कुठे कुठे गेली आहे. सावंतांनी दवाखान्यांची नावं सांगितली. ती ऐकताना साहेबांचे खांदे उतरत गेले.

त्यांनी मला एक वाक्य सुचवलं. 'आमच्या कार्यशाळेतील नेहमीच्या परिस्थितीत दोष आढळला नाही.' ते खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्या वाक्यावर कंपनी आरामात तरली असती. पुढे आम्ही गुपचूप सगळी पॅनलं दुरुस्त केली असती, कोणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, "साहेब, गावडेबाईंची परिस्थिती नेहमीची नव्हती. त्या एसीखाली बसल्या होत्या."

साहेब खिडकीतून वळले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांची चौकशी कधी आहे?" मी दिवस सांगितला. ते म्हणाले, "त्या दिवशी बर्फ सकाळी ताजा घ्या. मीही येतो."

चौकशी मेट्रनबाईंच्या खोलीत होती. एक मोठे डॉक्टर, एक ट्रस्टी, मेट्रनबाई, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर गावडे सिस्टर, मांडीवर पर्स घट्ट धरून. आम्ही तिथे मासळीचा डबा घेऊन शिरलो. ट्रस्टींनी रुमाल नाकाला लावला. मी त्यांना आईची घमेली सांगितली, कारण दुसरं काही सुचेना. मग डबा लावला, थांबलो, आणि बटण दाबायची वेळ आली तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या की गावडेंना दाबू दे.

त्यांनी उठून एकामागून एक बटणं दाबली. भोंगा दर वेळी वाजत गेला आणि त्या दर वेळी दचकत गेल्या. शेवटचं बटण दाबलं. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी बोट उचललं नाही, तसंच दाबून धरलं.

"त्या दुपारी असंच होतं," त्या म्हणाल्या. "असंच." आणि तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

ट्रस्टींनी विचारलं की मग दोष नेमका कोणाचा. थंडीचा, चिपचा, की एसीवाल्याचा? मी तोंड उघडणार तोच तळपदेसाहेब म्हणाले, "आमचा." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी कळलं की कंपनी संपली.

सिस्टरांचं निलंबन रद्द झालं. सावंत आणि मी सगळ्या दवाखान्यांतून फिरलो, आणि ज्या ज्या पॅनलात ती चपळ चिप होती तिथे तिची वाट लांब केली, सिग्नल दोन रिकाम्या गेटांमधून फिरवून आणला. सोल्डरचे चार थेंब. एवढंच काम, आणि त्यापुढे पॅनल फ्रिजमध्ये ठेवलं तरी चुकलं नसतं. पण नवी मागणी कोणाकडून आली नाही. दवाखाने एकमेकांशी बोलतात. गाळा दरवर्षी थोडा थोडा रिकामा होत गेला आणि एक दिवस बंद झाला. सावंत गावी गेले. साहेबांनी मला शब्दाने कधी बोल लावला नाही. फक्त त्या चौकशीनंतर "आपलं पॅनल" हे शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत. मी पुढे दुसऱ्यांकडे नोकऱ्या केल्या, तिथेही उशीरच करत राहिले, पण ते काम म्हणून. ते एक वाक्य लिहिलं असतं तर गाळ्यातल्या कामगारांची दहा-बारा घरं तिथेच चालत राहिली असती, हा विचार अजून येतो. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा बर्फच आणीन, पण आनंदाने आणीन असं नाही. आणि शेवटच्या खाटेवरच्या त्या माणसाचं बोलणं कुठल्याच गेटातून फिरवून परत आणता येणार नव्हतं.

एका गोष्टीचं मात्र मला खरंच वाईट वाटलं होतं. दुरुस्त केलेलं पॅनल परत भिंतीवर बसवायला आम्ही गेलो तेव्हा गावडे सिस्टर कामावर होत्या. त्यांनी चहा मागवला, सावंतांची विचारपूस केली. मी त्यांना सगळं समजावलं, आता हे कधीच चुकणार नाही असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसवा तुम्ही. बरोबरच असंल. मी काय आता त्याच्याकडे बघून बसणार नाय." मला लागलं ते. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांचाच विश्वास नाही, असं वाटून मी चहा अर्धा टाकून आले.

आता परवाचं. माझ्याच हृदयाचे ठोके मधूनमधून चुकायला लागले आहेत. मिस्टर म्हणाले, उशीर करता करता स्वतःलाच सवय लागली. डॉक्टरांनी एक-दोन दिवस नजरेखाली राहा म्हणून सांगितलं आणि नेमकं त्याच दवाखान्यात पाठवलं. खाट मिळाली ती खिडकीकडची, शेवटची. पडल्या पडल्या समोर बघितलं तर भिंतीवर आमचं पॅनल. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. दिवे अजून चालू. दुसरं घ्यायला ट्रस्टला जमलं नसेल. मला घरचं जुनं माणूस भेटावं तसं वाटलं, आणि डोळे भरून आले.

दुपारी एक तरुण नर्स आली. नाव रोहिणी, विक्रोळीची. तिने पॅनलकडे बघितलंही नाही. खुर्ची ओढली, माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळावर नजर ठेवून ठोके मोजू लागली. शेजारच्या खाटेवरही तिने तेच केलं होतं, त्याच्या आधीच्या खाटेवरही. मी तिला म्हटलं, "अगं, तिथे वर दिसतंय ना सगळं. तो दिवा अगदी बरोबर आहे. मी सांगते तुला, तो चुकणार नाही."

"असेल मावशी," ती म्हणाली, मोजणं न थांबवता. "पण आम्हाला गावडे सिस्टरांनी असंच शिकवलंय. त्या गेल्या रिटायर होऊन, तरी इथे सगळ्या असंच करतात."

तिची बोटं गार होती, एसीमुळे. समोर पॅनलवर माझ्या खाटेचा दिवा हिरवा होता, आणि तो खरा होता. माझा हात मी तिच्या हातात तसाच राहू दिला.